अंधारातून येणारा आवाज



भुताच्या सिनेमाची खरी भीती डोळ्यांपेक्षा कानांत असते, असं मला फार वर्षांपासून वाटत आलंय. पडद्यावर हवेलीचं दार उघडायला लागलं की आपण डोळे झाकून घेतो, पण ते करकरणं ऐकू यायचं थोडंच थांबतं? आपल्याकडच्या जुन्या भयपटांची निम्मीअधिक कहाणी रेडिओशी, तबकडीशी आणि टेपशी जोडलेली आहे, म्हणून आज इथं त्याबद्दलच बोलावंसं वाटलं.

‘महल’ घ्या. १९४९ सालचा, मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. नायकाला गाण्याचा आवाज आधी लांबून ऐकू यायला हवा आणि मग तो हळूहळू जवळ यायला हवा. आज हे काम कुणीही घरबसल्या संगणकावर करील. तेव्हा हाताशी होता एक मायक्रोफोन. तो खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि गायिका लता मंगेशकरांना दूर कोपऱ्यात उभं केलं. सुरुवातीच्या ओळी गात गात त्या एकेक पाऊल पुढे येत गेल्या आणि मुखड्याला मायक्रोफोनपाशी पोचल्या. सूर हलायचा नाही, पाऊल वाजायचं नाही आणि अंतर तर नेमकं कापलं जायला हवं! बऱ्याच तालमी झाल्यावर ते जमलं. लताबाई तेव्हा अवघ्या विशीच्या होत्या.

नुसता आवाज लहानमोठा करून हे साधत नाही. लांबून गाणाऱ्याच्या स्वराबरोबर खोलीचा घुमारा येतो, जवळून गाणाऱ्याचा श्वाससुद्धा कळतो. त्या गाण्यात तुम्हाला जे जाणवतं ते खरोखर चाललेलं अंतर आहे. अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

पुढची गोष्ट तर थेट रेडिओचीच. या गाण्याची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! तेव्हाची रीतच तशी होती. गाणं वाजू लागलं आणि ही कामिनी कोण, असं विचारणारी पत्रं आकाशवाणीकडे येऊ लागली. मग रेकॉर्ड कंपनीकडून खरं नाव मिळवून ते रेडिओवरून सांगितलं गेलं. म्हणजे कितीतरी घरांत आधी नुसता आवाज पोचला आणि त्याला नाव मागाहून मिळालं. भुताच्या कथेला याहून शोभणारी सुरुवात कुठली असणार?

आमच्या घरी वाल्व्हचा रेडिओ होता. खटका फिरवल्यावर तो लगेच बोलायचा नाही. मागच्या जाळीतून आतले वाल्व्ह तांबूस होताना दिसायचे, तापलेल्या धुळीचा वास यायचा, मग घरघर आणि मग माणसाचा आवाज. पुढच्या बाजूला हिरवा डोळा होता. स्टेशन नीट लागलं की त्याची फट मिटत यायची. दिवसा तो ठरलेलीच स्टेशनं द्यायचा. रात्री मात्र कुठल्या कुठल्या परक्या भाषा आत शिरायच्या, मोठ्या व्हायच्या, विरून जायच्या. त्यात गूढ काही नाही. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा वातावरणातला वरचा एक थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर क्षीण होतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून दूरवर पोचतात. हे कारण मला पुढे कळलं. कळल्यावर त्या आवाजांची ओढ आणखी वाढली.

टेपचा सिमल्यातला एक किस्सा मला फार आवडतो. राज खोसलांच्या ‘वो कौन थी’ची, १९६४ची गोष्ट. तिथं गाण्याचं चित्रीकरण ठरलेलं, पण लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण तोवर झालेलं नव्हतं. मग संगीतकार मदनमोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाऊन दिलेली टेप वाजवून काम उरकलं. पांढऱ्या साडीतली नायिका साधना ओठ हलवते आहे आणि धुक्यात घुमतोय पुरुषाचा आवाज! बघायला जमलेले लोक चक्रावले नसते तरच नवल.

मराठीत वसंत जोगळेकरांचा १९७६चा ‘हा खेळ सावल्यांचा’ आहे. हृदयनाथ मंगेशकरांची गाणी रेडिओवर वाजत राहिली, आणि ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्यांच्याही मनात त्याची रात्र उतरली.

आणि भयपट काढणारे रामसे बंधू! त्यांना नाकं मुरडणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. वडील फतेहचंद यांचं फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचं दुकान होतं. मुंबईत आल्यावरही त्यांनी तोच धंदा केला. पुढे चित्रपट काढताना सात भावांनी कामं वाटून घेतली, आणि त्यात किरण यांच्याकडे खास ध्वनी. १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला केला, सुमारे साडेतीन लाखांत. घरची माणसंच युनिट. सेट बांधायला पैसे नव्हते, म्हणून खरे बंगले, खरी झाडी, खरं धुकं. मुरुडला गावात शिरण्याआधी रस्त्यालगत नवाबाचा राजवाडा दिसतो. तोही त्यांच्या चित्रपटांत येऊन गेला आहे. माझ्या मते रामसेंच्या राक्षसांपेक्षा या वास्तू जास्त भिववतात. दगडी जिन्यावर पाऊल वाजलं की तो दगडच वाजतो.

हे चित्रपट आमच्यातल्या पुष्कळांनी थिएटरात नव्हे, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिले. हातोहात फिरून कॅसेट झिजलेली असायची. मध्येच चित्र फाटायचं, पडद्याच्या तळाशी पांढरे पट्टे सळसळायचे, मग कुणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं. ज्या प्रसंगाला सगळे दचकायचे, तिथंच फीत सर्वांत जास्त खराब झालेली. तोच तुकडा लोकांनी मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलेला असायचा.

आता हे चित्रपट नव्यानं स्वच्छ होऊन येताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. चित्रावरचे ओरखडे जरूर काढा. पण ध्वनीला हात लावताना फार जपायला हवं. जुना ध्वनिपट एकपदरी असतो. तो चार-पाच स्पीकरांत वाटून टाकला, वरून नवा घुमारा चढवला, की लताबाईंनी कोपऱ्यापासून मायक्रोफोनपर्यंत चालून आणलेलं अंतर पुसलं जातं. नवा ध्वनिपट हवा त्याला मिळू दे. त्याच्याबरोबर मूळचाही द्या, आणि निवड ऐकणाऱ्यावर सोडा. तोवर घरी ‘महल’ लावणार असाल तर एकच स्पीकर चालू ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि त्या गाण्याच्या आधीच्या ओळी वगळून पुढे जाऊ नका.