पत्राचं वजन

लंडनच्या माझ्या मैत्रिणीकडे पत्रं तोलायचा जुना पितळी तराजू आहे. घरात तो "खापरपणजोबांचा" म्हणून ओळखला जातो. वापरायच्या मात्र बायका.

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई, अंतर आणि कागद मोजून. सासरच्या लेकीचं पत्र सोडवायचं की नाही, हे पैसे ज्याच्या हाती तो ठरवी. १० जानेवारी १८४० पासून देशात कुठेही अर्ध्या औंसाला एक पेनी झाली. अनेक घरांत तराजू आले.

मैत्रिणीच्या वंशावळीत बायकांची नुसती नावं आहेत. पत्र एकही जपलेलं नाही. अर्ध्या औंसाचं वजन तेवढं झिजलंय. आपापल्या घरात असं काय झिजलंय आणि कुणाच्या हातांनी, ते विचारू या.