मुक्तांबेचे छत्र आणि आपला निधी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या मंडळापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. साठलेल्या निधीचे काय करावयाचे? सभागृह वाढवावे, गणेशोत्सव अधिक थाटाने करावा, की ज्या भूमीने आपणांस आसरा दिला तेथील शाळा, दवाखाने, अनाथगृहे ह्यांस काही अनुदान द्यावे? ‘आपला पैसा आपल्याच माणसांसाठी’ असे म्हणणारे सभासद आहेत, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. वर्गणी देणाऱ्याने हिशेब विचारावा हे रास्तच आहे. तथापि ह्या प्रश्नाचे एक उत्तर तंजावरच्या मराठ्यांनी दोन शतकांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ते ओरत्तनाडु येथे उभे आहे.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना हे गाव लागते. दुसरे सरफोजी महाराज यांनी १८०० च्या सुमारास येथे मुक्तांबेच्या नावे छत्र बांधविले. मुक्तांबा ही विवाहित राणी नव्हे, महाराजांची प्रिय स्त्री. अंतकाळी तिने आपल्या नावे अन्नछत्र मागितले, अशी आख्यायिका आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेलेला होता. सत्ता गेली, परंतु दातृत्व राहिले.

१८०१ च्या जानेवारीत रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पाठविलेल्या पत्रात महाराजांनी छत्रांचे कार्य तपशिलाने मांडले आहे. ब्राह्मणांप्रमाणेच जोगी आणि जंगम ह्यांनाही तेथे अन्न मिळे. शिजविलेले अन्न ज्यांस चालत नसे त्यांस शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, अशी हाक दिली जाई. आजारी वाटसरूस औषध आणि पथ्य मिळे. बाळंतिणीस तीन महिने राहण्याची मुभा होती. परक्यांची अनाथ मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात, आणि शिकून तयार झाल्यावर त्यांच्या विवाहाचा खर्चही छत्र करी. मराठी बोलतो काय, असे तेथे कोणी विचारीत नसे.

हे औदार्य लहरीवर चाललेले नव्हते. छत्रांस गावे लावून दिलेली होती, त्यांच्या उत्पन्नावर खर्च चाले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, तरी छत्रांचा निधी नाहीसा झाला नाही. व्यवस्था सरकारकडे गेली, अन्नछत्रे आटली, पण उत्पन्न आणि वास्तू शिक्षणाच्या कामी आल्या. गादी गेली तरी देणगी चालू राहते, ती अशा तरतुदीमुळे.

बंधुभावाने एकत्र आलेल्या संस्थांनी बाहेरच्यांस हात देण्याची रीत इतरत्रही रुजली आहे. रोटरीच्या प्रतिष्ठानाची कल्पना १९१७ मध्ये निघाली, आणि तिला मिळालेली पहिली देणगी होती अवघी साडेसव्वीस डॉलरची. आज त्याच प्रतिष्ठानाकडून जगभर स्थानिक कामांस अनुदाने मिळतात.

आमचे आयुष्य सरकारी कागदपत्रांत गेले. त्या अनुभवावरून आम्ही काही सूचना करतो. मूळ रकमेस हात न लावता केवळ व्याजातून अनुदान द्यावे. कोणास, कशासाठी आणि किती, ह्याचे नियम अर्ज मागविण्यापूर्वीच लिहून काढावेत, म्हणजे ओळखीपाळखीचा वशिला चालणार नाही. निवड समितीवर एक तरी तमिळभाषिक स्थानिक गृहस्थ असावेत, कारण गरज कोठे आहे हे त्यांस आपल्यापेक्षा अधिक कळते. वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र अवश्य घ्यावे, परंतु पाच हजारांच्या अनुदानासाठी पन्नास पानांचे कागद मागू नयेत. एवढे झाले म्हणजे हिशेब विचारणाऱ्या सभासदाचेही समाधान होईल.

आपल्या मुलांपैकी बरीच मुले येथेच नांदणार आहेत. त्यांस ह्या भूमीत मान मिळावा असे वाटत असेल, तर तो सभागृहाच्या उंचीवरून मिळणार नाही. एखाद्या तमिळ शाळेच्या फळीवर मंडळाने दिलेली पुस्तके असतील, तर मिळेल. येत्या सर्वसाधारण सभेने निधीच्या व्याजाचा चौथा हिस्सा ह्या कामी राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.