रत्नागिरीची आढी आणि आपली पऱ्हाटी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत रत्नागिरीचे नाव निघाले की लोकांना वाटते, आता आंब्याच्या भावाची गोष्ट येणार. आम्ही बोलणार आहोत आंब्याखालच्या पेंढ्याबद्दल.

रत्नागिरीत हापूस उतरवला की आढी घालतात. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. पिकताना आंबा स्वतःच थोडी ऊब सोडतो आणि ती ऊब पेंढा बाहेर जाऊ देत नाही. आता पेंढ्यात ऊब येते कोठून? पेंढ्यात ऊब नसतेच. काडी आतून पोकळ, काड्यांच्या मध्ये हवा कोंडलेली, आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. आतली ऊब आत राहते, तसे बाहेरचे ऊनही बाहेर राहते. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात झाकून ठेवतात ती याच कारणाने. कोकणातल्या नारळाच्या सोडणाचेही तेच. न्हाणीच्या चुलीत पाणी तापवायला सोडण जाते, पण त्याच सोडणातून काथ्या निघतो, आणि काथ्या व सिमेंट मिळून छपराचे पत्रे करण्याचे काम रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत झालेले आहे.

हे ऐकून आपण कोकणाकडून काही नवे शिकलो असे कोणी समजू नये. मराठवाड्यातले माळवद आठवा. लाकडावर किलचा, त्यावर तुराट्या किंवा पाला, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. विदर्भातला कूड आठवा. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ताटवा, दोन्ही अंगांनी भुसा घातलेली शेणमाती. काडीकचरा आणि त्याला धरून ठेवणारे काहीतरी, असे दोन पदार्थ एकजीव केले की शास्त्रज्ञ त्याला संमिश्र म्हणतात. आपल्या आज्या त्याला लिंपण म्हणत.

मग पत्रा आला. पत्र्याला दोष देऊन चालणार नाही. माळवदावर दरवर्षी माती टाकायची, गळती काढायची, पांढरीत उंदरांनी बिळे करायची. पत्रा ठोकला की काम संपते. पण पत्र्याने ऊन अडत नाही. वैशाखात पारा 45 च्या आसपास गेला की पत्रा सावलीतल्या हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो आणि ती धग सरळ खाली सोडतो. त्या पत्र्याखाली दुपारी चुलीपुढे कोण बसते, पाळणा कोठे बांधलेला असतो, हे मायबहिणींना सांगायची गरज नाही. त्याच सुमारास आपण शेतात पऱ्हाटीचे ढीग पेटवून देत असतो. ऊन अडवणारी वस्तू जाळायची आणि ऊन आत सोडणारी वस्तू रोख पैसे मोजून आणायची, असा हा व्यवहार आहे.

पऱ्हाटीत काय आहे ते आता मोजले गेले आहे. चीनमधल्या संशोधकांनी 2010 साली पऱ्हाटीच्या तंतूंची हलकी फळी दाबून केली, तीही रासायनिक गोंद न घालता. तिची उष्णता वाहून नेण्याची ताकद मीटरला 0.06 ते 0.08 वॅट भरली. साध्या विटेची 0.7 च्या आसपास असते. म्हणजे विटेच्या एक दशांश. त्याआधी स्वीडनमध्ये 1930 च्या दशकात गव्हाचा पेंढा नुसता तापवून दाबून फळ्या करण्याची रीत निघाली आणि पुढे इंग्लंडमध्ये त्याचा धंदा झाला. आपल्याकडे माटुंग्याची सिरकॉट, म्हणजे 1924 साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था, हिने पऱ्हाटीची चुरी, चिकटद्रव्य आणि गरम दाब यांतून फळी करण्याची पद्धत बसवून दिली. नागपूरच्या केंद्रात त्याचे कामही चालले.

कोरडवाहू कपाशीची वाळलेली पऱ्हाटी हेक्टरी 2 ते 3 टन धरतात. वीस बाय पंधरा फुटांच्या खोलीला इंचभर जाडीचे हलके छत करायचे तर सुमारे 200 किलो माल लागतो. हिशेब कागदावरचा आहे, घट-तूट वेगळी. तरी एका एकराच्या पऱ्हाटीत दोन-तीन खोल्या निघायला हरकत नाही.

मग हे गावोगावी का झाले नाही? कारण पऱ्हाटी म्हणजे वजन थोडे आणि पसारा मोठा. ट्रॉली भरलेली दिसते, काट्यावर चढवली तर भरत नाही. वाहतुकीतच भाव संपतो. म्हणून चुरी करण्याचे यंत्र गावात हवे. आणि येथे आपण सावध असले पाहिजे. कापूस विकताना आपण सरकीही देऊन टाकतो आणि मग तिचीच ढेप विकत आणून बैलांपुढे टाकतो. उद्या पऱ्हाटी जाळण्याच्या बदल्यात चार पैसे मिळाले म्हणून देऊन टाकायची आणि तिचीच फळी शहरातून दामदुप्पट दराने आणायची, हे आम्हाला मान्य नाही. 1991 साली शेगावच्या मेळाव्यात माजघर शेतीचा विचार मांडला गेला, तो नेमका याचसाठी. पहिले छत आपल्या घराचे, मग बाजार.

कडब्याला मात्र हात लावायचा नाही. ज्या वर्षी चारा नसतो त्या वर्षी कडबा सोन्याचा होतो. छतासाठी पऱ्हाटी, तुराटी आणि ज्वारीची धसकटे एवढेच. कारखान्याच्या फळीत बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, तेव्हा झोपायच्या खोलीसाठी विचारपूस करूनच घ्या. वाळवी आणि आग यांचेही पाहिले पाहिजे. उघड्या काड्या चुलीवर टांगणे म्हणजे आगीला आमंत्रण, दोन्ही बाजूंनी माती-चुन्याचा लेप हवाच. गुलाबी बोंडअळी वाळक्या बोंडांत लपून राहते. 2017 साली तिने काय केले ते आपण भोगले आहे. म्हणून बोंडे झाडून नष्ट केल्याशिवाय पऱ्हाटी घराशेजारी रचू नका. चुरी लवकर झाली तर अळीचाही आसरा मोडतो.

यंत्र येईपर्यंत थांबायचे कारण नाही. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून तुराट्यांचा ताटवा बांधा, भक्कम आडव्या वाशांवर, कारण लिंपणाने वजन वाढते. वरून खालून पातळ लेप द्या आणि मधली पोकळी दोन्ही टोकांना मोकळी ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. मोकळ्या तोंडांना जाळी मारा, नाहीतर उंदीर आलेच.

प्रत्येक तालुक्याने या हंगामात दोन घरे निवडावीत, शेजारशेजारची, सारख्या पत्र्याची. एकाला छत करावे, एक तसेच ठेवावे. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता दोन्ही घरांतला पारा वहीत लिहावा. वही घरच्या बाईच्या हातात द्यावी, दुपारी घरात तीच असते. सामानाला किती खर्च आला, किती दिवस मजुरी लागली, तेही लिहावे. वह्या जूनच्या बैठकीत आणाव्यात. चुरीच्या यंत्राचे पैसे कोणी आणि किती घालायचे, ते आकडे पाहून तेव्हा ठरवू.