वजन कुठे आहे?



संमेलनाच्या अध्यक्षाने ॲनिमेशन व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी मात्र एकाच प्रश्नाला धरून बोलणार आहे. हालचाल हुबेहूब उतरवली तरी पात्र खोटं का वाटतं?

मॅक्स फ्लायशर यांच्या रोटोस्कोपने शंभर वर्षांपूर्वीच खऱ्या माणसाची हालचाल फ्रेमगणिक गिरवता येऊ लागली. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’साठीही (१९३७) मार्ज बेल्चर ही तरुण नर्तकी कॅमेऱ्यापुढे वावरली. पण नुसत्या गिरवण्याने जिवंतपणा हरवतो, हे तिथल्या ॲनिमेटरांना कळून चुकलं. त्यांनी चित्रीकरणातून हालचालीचा गाभा उचलला आणि तो वाढवून मांडला. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वं सांगितली, त्यांच्यामागे हाच अनुभव आहे.

पुढे मोकॅप, म्हणजे नटाची हालचाल थेट संगणकात टिपणं, आलं. ‘पोलर एक्स्प्रेस’मध्ये (२००४) खुद्द टॉम हँक्सच्या हालचाली टिपल्या होत्या, तरी अनेक समीक्षकांना त्या पात्रांचे डोळे निर्जीव वाटले. त्याआधी दोनच वर्षं पडद्यावर आलेला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज: टू टॉवर्स’मधला गॉलम मात्र लोकांनी जिवंत मानला. अँडी सर्किसचा अभिनय त्याचा पाया होता, पण चेहरा ॲनिमेटरांनी तो अभिनय पाहून की-फ्रेमने, म्हणजे एकेक मुख्य पोझ स्वतः ठरवून, घडवला होता. फरक, माझ्या मते, तिथे पडला.

आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ. नवख्याचा वॉक सायकल, म्हणजे पात्राच्या चालीचं आवर्तन, पाहा. पाय हलतात, पण वजन कुठेच नसतं. खरं तर पाऊल टेकल्यावर गुडघा भार झेलतो आणि शरीर खाली जातं. दुसरा पाय पुढे निघून गेला की ते वर येतं. उचललेल्या पायाकडची कंबर किंचित उतरते, खांदे उलट दिशेला वळतात. सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नसतं. ते दोन पोझांमधली जागा गुळगुळीत भरून देतं आणि सगळे सांधे कवायतीसारखे एकाच फ्रेमला थांबतात. मग आपण कर्व्ह घासत बसतो. चूक पोझमध्ये असते!

जास्त फ्रेम म्हणजे जास्त खरेपणा, हाही एक भ्रम. ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०१८) पीटर सराईतपणे सेकंदाला चोवीस पोझांत झेपावतो, त्याच्या शेजारी नवशिका माइल्स बाराच पोझांत, अडखळत. ते अडखळणंच त्याचं वय आणि भीती सांगतं.

आपल्याकडे १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, ॲनिमेटर राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. शिस्त बाहेरून आली, ते ठीकच. पण माणसं तरी आपली हवीत. तयार मोकॅपच्या साठ्यात खुर्चीवरून उठणारे पुष्कळ सापडतात. मांडी मोडून, गुडघ्यावर हात रेटत उठणारी आजी शोधून पाहा. नऊवारीत जिना चढणारी बाई, डोक्यावर भरलेली पाटी घेऊन मान स्थिर ठेवणारा हमाल, लोकलच्या दारात एका हातावर तोललेला मुलगा, यांचं वजन प्रत्येकाच्या वेगळ्या जागी असतं.

म्हणून स्टुडिओचालकांकडे माझी एक मागणी आहे. असा संदर्भसाठा आपण मिळून उभारू या. चित्रीकरण त्या माणसांच्या संमतीने आणि मोबदला देऊन व्हावं. कॅमेरे स्थिर असावेत, पुढून आणि बाजूने एकाच वेळी टिपावं, पावलं फ्रेमबाहेर कापली जाऊ नयेत. दुपारच्या सत्रात खर्चाची वाटणी ठरवू; तोवर कोणी चहाला पसार होऊ नये.