मराठी वेबसाइट आणि कोड एडिटर

कळंब्यातल्या एखाद्या गूळ व्यापाऱ्याची मराठी वेबसाइट करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर 2015 साली आला. तो फुकट आहे, विंडोजवर चालतो आणि लिनक्सवरही. एचटीएमएलचा टॅग उघडला की बंद करणारा टॅग तो स्वतःच टाकतो. खरी गोम मराठी मजकुराची. छापखान्यातून आलेला मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असतो. एडिटरमध्ये चिकटवला की नुसती अक्षरांची खिचडी! तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा. आणि एचटीएमएलच्या लँग या गुणधर्मात मराठीचा 'एमआर' हा कोड लिहायला विसरू नका. तो लिहिला आणि फॉन्टात सोय असेल, तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे उमटतात.