भंडारदऱ्यातलं घर: रंगाच्या आधी सातबारा

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, भंडारदऱ्यात जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची आणि होमस्टे काढायचा, जमेल का?

मीही त्याच नादात होतो. शेंडी गावाजवळ कौलारू घर, समोर धरणाचं पाणी. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला गर्दी होतेच. डोक्यात हिशेब सुरू: कौलं बदलू, दोन बाथरूम बांधू, भाडं चालू. एजंट म्हणाला, "आधी विसार द्या, कागद नंतर बघू."

नशीब, मी आधी सातबारा काढला. जमीन आदिवासी कुटुंबाची निघाली.

आता नीट ऐका. जमीन महसूल अधिनियमात 1974 साली कलम 36-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शासनाची पूर्वमान्यताही लागते. भाडेपट्ट्यालासुद्धा परवानगी लागते. स्टॅम्प पेपरवर परस्पर करार करून यातून सुटका नाही. व्यवहार बेकायदा ठरला, तर जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. तुमची नवी कौलं, नवी बाथरूम, सगळं गेलं!

मी खट्टू होऊन मालकीणबाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाबा. घर इकायचं मनात नव्हतंच. पाव्हणं आलं तर भाकरी घालीन की मी."

आज होमस्टे त्याच चालवतात. घर त्यांचं, भाडं त्यांचं. मी फोटो काढतो, बुकिंग बघतो आणि ठरलेलं कमिशन घेतो.

तेव्हा मंडळी, रंगाचा डबा नंतर. आधी सातबारा!