दाराबाहेरचा जमाव

‘हॅम्लेट’ म्हटलं की आपल्याला आठवतं ते बापाचं भूत, नाही तर हातात कवटी घेतलेला राजपुत्र. मला आज बोलायचं आहे चौथ्या अंकातल्या दंग्याबद्दल. बहुतेक वाचक तो भरभर ओलांडतात.

हॅम्लेटच्या हातून म्हातारा पोलोनियस मारला गेला आहे. राजा क्लॉडियस त्याला घाईघाईनं, गुपचूप पुरून टाकतो. मुलगा लेअर्टीस फ्रान्सहून परततो आणि त्याच्यामागून आलेला जमाव राजवाड्याची दारं फोडतो. लेअर्टीसलाच राजा करा, असा ओरडा होतो. गंमत बघा, थोड्याच वेळापूर्वी हाच राजा म्हणत होता की हॅम्लेट लोकांचा लाडका, त्याला कडक शिक्षा करता येत नाही. मग लोक एवढ्यात फिरले कसे? उत्तर राजाच देऊन ठेवतो. मृत्यू लपवला आणि कुजबुज वाढली.

पुढचं जास्त बोचतं. लेअर्टीस जमावाला बाहेर थांबायला सांगतो. थोडी कुरकुर करून जमाव थांबतो. राजाला तेवढं पुरतं. गोड बोलून तो त्या संतापलेल्या पोराला आपल्या कटात ओढतो. बाहेरच्यांचं काय झालं, नाटक सांगत नाही.

हे नाटक मराठीत आणलं गोपाळ गणेश आगरकरांनी, ‘विकारविलसित’ या नावानं, १८८३ साली. आगरकर शिकले अकोल्याला, म्हणून आम्हा वाशीमकरांना ते जवळचे. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. आदल्या वर्षी ते आणि टिळक १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. कशासाठी? कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, वेडे ठरवले गेले होते आणि त्यांचा छळ होतो अशी बोलवा होती. ‘केसरी’नं दिवाण बर्व्यांवर टीका केली, आधाराला घेतलेली पत्रं खोटी निघाली, अब्रुनुकसानीची शिक्षा झाली. वेडा ठरवलेला राजा, बंद वाडा, बाहेर अफवा! आगरकरांना डेन्मार्क फार परका वाटला असेल, असं मला वाटत नाही. महाराज १८८३च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले.

नाटकाच्या शेवटी प्रेतांचा खच पडतो. तेव्हा होरेशियो आग्रह धरतो, की प्रेतं उंचावर सर्वांना दिसतील अशी ठेवा आणि लोकांची मनं बिथरलेली आहेत तोवरच सगळी हकिगत मला सांगू द्या. नवा सत्ताधारी फोर्टिन्ब्रास लगेच कबूल होतो. ऐकायला मात्र तो बोलावतो बड्या सरदारांना.